कागदी बाहुलीतले उद्याचे जग

बाहुलीशी खेळणारी मुलगी मोठेपणी आई होणार आणि त्याचीच तालीम तिने लहानपणी करायची, हे खेळणी बनविणाऱ्यांच्या जगाने फार काळ गृहीत धरले होते. आपल्याकडच्या भातुकलीत चूल, बोळकी आणि पाहुणे होते. अमेरिकेतल्या घरांत पाळणा, दुधाची बाटली आणि रबरी बाळ होते. बाहुली म्हणजे तान्हे मूल. मुलीने तिला भरवायचे, थोपटायचे, तिची दुपटी बदलायची. या समजाला मोठा तडा गेला तो कागदाच्या एका स्वस्त खेळामुळे, आणि तो खेळ बारकाईने पाहणाऱ्या एका आईमुळे.

रूथ हँडलर हे त्या आईचे नाव. ते फारसे कुणाच्या लक्षात नसते. मात्र त्यांनी घडविलेली बार्बी ठाऊक नाही असे शहरी घर शोधूनच काढावे लागेल. बार्बी म्हटले की गुलाबी रंग, सोनेरी केस आणि अशक्य कोटीतला कमनीय बांधा आठवतो. तिच्याविषयीची चर्चाही बहुधा तिथेच थांबते. मुली स्वतःच्या मोठेपणाची कल्पना कशी करतात, या एका निरीक्षणातून ती बाहुली जन्माला आली होती, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडते.

काळ १९५०च्या आसपासचा. लॉस एंजेलिसमधील हँडलर दांपत्याच्या घरी त्यांची मुलगी बार्बरा आणि तिच्या मैत्रिणी तासन् तास कागदी बाहुल्यांशी खेळत बसत. जाड कागदावर छापलेली आकृती कात्रीने कापून काढायची, वेगळ्या पानांवर छापलेले तिचे कपडेही कापायचे आणि कपड्यांच्या खांद्याशी असलेल्या इवल्याशा पट्ट्या मागे दुमडून ते बाहुलीला चढवायचे, असा तो खेळ. अशा बाहुल्यांची पुस्तके अमेरिकेत काही सेंटांत मिळत. १९३०च्या दशकातील मंदीत, मुलांसाठी महाग खेळणी घेणे अनेक घरांना परवडत नव्हते तेव्हा, या कागदी बाहुल्यांना बरे दिवस आले होते. चित्रपटतारकांच्या आकृत्यांची पुस्तके निघत. महिलांची मासिके एखादे पानच बाहुलीसाठी राखून ठेवत. मॅकॉल्स या मासिकाने मे १९५१पासून बेट्सी मॅकॉल नावाची अशीच एक बाहुली छापायला सुरुवात केली आणि कात्री घेऊन मासिकाची वाट पाहणाऱ्या मुलींची एक पिढीच तयार झाली.

दुकानात तान्ह्या बाळांच्या कागदी बाहुल्या असत, बार्बराच्याच वयाच्या मुलींच्या असत आणि तरुण स्त्रियांच्याही असत. रूथ यांच्या लक्षात आले, की बार्बरा आणि तिच्या मैत्रिणी पहिल्या दोन प्रकारांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना हवी असते ती मोठी बाई. ती हाती आली की तिला कपडे घालायचे, आणि मग खरा खेळ सुरू व्हायचा. बाहुली नोकरीवर निघे, महाविद्यालयात जाई, समारंभाला जाई आणि दुसऱ्या बाहुलीशी मोठ्या माणसांच्या सुरात बोले. घरात कानावर पडलेले संवाद, मोठ्यांचे हावभाव, त्यांचे निर्णय यांची ती नक्कल असे. पण त्या नकलेत मुली स्वतःला घालून पाहत होत्या. आपण मोठे झालो तर कोण असू, याचे हे लुटुपुटूचे प्रयोग आहेत, हे रूथ यांनी ओळखले.

त्या प्रयोगांतली अडचणही त्यांना दिसली. कागद फाटत होता. पट्ट्या सुटत आणि ऐन प्रसंगी बाहुलीचा कोट गळून पडे. तिला खुर्चीवर बसविता येत नसे, तिच्या हातात काही देता येत नसे. हीच बाई त्रिमितीत मिळाली, तिला खऱ्या कापडाचे आणि खऱ्या बटणांचे कपडे मिळाले तर हा खेळ किती पुढे जाईल, हा विचार रूथ यांच्या मनात रुजला. पती इलियट आणि कंपनीतील रचनाकार, जे बहुतेक पुरुषच होते, यांना तो पटला नाही. इतके बारीक काम अमेरिकेत करवून घेणे परवडणार नाही, हे त्यांचे एक कारण. छाती असलेली बाहुली कोणतीही आई आपल्या मुलीला घेऊन देणार नाही, हे दुसरे आणि मुख्य. कल्पना काही वर्षे तशीच पडून राहिली.

हा खेळ तेव्हा अमेरिकेतल्या असंख्य घरांत चालू होता आणि असंख्य आया तो पाहत होत्या. त्यातला अर्थ रूथ यांनाच का दिसला, हे समजण्यासाठी त्यांच्या बालपणाकडे जावे लागते.

कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात ४ नोव्हेंबर १९१६ रोजी रूथ यांचा जन्म झाला. आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू स्थलांतरित. वडील जेकब यांचा व्यवसाय लोहारकामाचा. दहा भावंडांत रूथ शेंडेफळ. त्या जेमतेम सहा महिन्यांच्या असताना आई आयडा यांची प्रकृती ढासळली आणि तान्ह्या मुलीला सर्वांत थोरली बहीण सारा आणि तिचे यजमान यांच्याकडे सोपविण्यात आले. ही व्यवस्था तात्पुरती म्हणून झाली होती. रूथ कायमच्या तिथेच वाढल्या. सारा घरात बसणारी स्त्री नव्हती. औषधे, किरकोळ वस्तू आणि सोडा विकणारे तिचे दुकान होते. रूथ शाळकरी वयातच त्या दुकानात गल्ल्यावर आणि सोड्याच्या टेबलामागे काम करू लागल्या, आणि समवयस्क मुलींबरोबर खेळण्यापेक्षा त्यांना ते अधिक आवडे. बाहुल्यांचे त्यांना विशेष प्रेम नव्हते. बाई म्हटली की ती काही तरी काम करते, विकते, पैसे मोजते, हेच चित्र त्यांच्यासमोर होते. त्या काळच्या मध्यमवर्गीय अमेरिकेत ते सार्वत्रिक खचितच नव्हते.

डेन्व्हरमध्येच एका नृत्याच्या कार्यक्रमात त्यांची इलियट हँडलर यांच्याशी गाठ पडली. इलियट चित्रकलेचे वेडे, बुजरे आणि खिशाने रिकामे होते. पुढे सुट्टीसाठी लॉस एंजेलिसला गेलेल्या रूथ यांनी पॅरामाउंट या चित्रपट कंपनीत लघुलेखिकेची नोकरी मिळविली आणि त्या तिथेच राहिल्या. इलियटही मागोमाग आले. १९३८मध्ये दोघांचे लग्न झाले. इलियट यांनी त्या वेळी नवलाईच्या असलेल्या पारदर्शक प्लास्टिकपासून घरगुती शोभेच्या वस्तू करायला घेतल्या. कारखाना म्हणजे गॅरेज. वस्तू सुंदर होत्या, पण दुकानदारासमोर उभे राहून त्या विकणे इलियट यांच्या स्वभावात नव्हते. रूथ यांनी नमुने बॅगेत भरले आणि दुकाने गाठली. त्यांना आढळले, की समोरच्या माणसाकडून होकार मिळविण्यात त्यांना विलक्षण आनंद होतो.

१९४१मध्ये बार्बरा आणि १९४४मध्ये केनेथ यांचा जन्म झाला. काही काळ रूथ घरी राहिल्या. मुलांवर त्यांचे प्रेम होते, पण नुसते घर सांभाळण्यात त्यांचा जीव रमेना. १९४५मध्ये इलियट यांनी हॅरल्ड मॅटसन या मित्रासह नवी कंपनी काढली. मॅटसन यांच्या टोपणनावातील मॅट आणि इलियट यांच्या नावातील एल एकत्र करून तिचे नाव ठेवले गेले मॅटेल. त्या नावात रूथ कुठेच नाहीत, आणि तेव्हा ते कुणाला खटकल्याचेही दिसत नाही. आरंभी फोटोच्या चौकटी, मग चौकटींच्या उरलेल्या तुकड्यांतून बाहुल्यांच्या घरासाठी फर्निचर, असा प्रवास होत कंपनी खेळण्यांकडे वळली. मॅटसन लवकरच बाहेर पडले. १९४७मध्ये बाजारात आणलेल्या खेळण्यातल्या छोट्या गिटारीने, म्हणजे युकुलेलेने, मॅटेलला ओळख मिळवून दिली.

रूथ यांच्या व्यापारी धाडसाचा सर्वांत मोठा पुरावा १९५५चा आहे. डिस्नेचा मिकी माउस क्लब हा मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू होणार होता. वर्षभर, म्हणजे ५२ आठवडे, त्यावर जाहिरात करण्यासाठी ५ लाख डॉलर मोजायचे होते. मॅटेलची एकूण मालमत्ताच साधारण तेवढी होती. हँडलर दांपत्याने ती जोखीम उचलली. तोवर खेळण्यांच्या जाहिराती आईवडिलांना उद्देशून आणि प्रामुख्याने नाताळच्या तोंडावर होत असत. आता कंपनी वर्षभर थेट मुलांशी बोलू लागली. नाताळापूर्वी मॅटेलच्या खेळण्यातल्या बंदुका दुकानांतून संपल्या. मुलांना ग्राहक बनविणाऱ्या त्या नव्या युगाचे श्रेय आणि दोष या दोन्हींत रूथ यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या चाहत्यांना त्यातले पहिलेच आठवते.

त्यानंतरच्या वर्षी, १९५६मध्ये, हँडलर कुटुंब युरोपच्या सहलीवर गेले. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न शहरात एका दुकानाच्या काचेआड त्यांना लिली नावाची जर्मन बाहुली दिसली. बिल्ड या वृत्तपत्रातील एका चावट व्यंगचित्रमालिकेची ही नायिका. लहान मुलींसाठी ती बनविलेलीच नव्हती. सिगारेटच्या दुकानांतून पुरुष ती थट्टेने एकमेकांना भेट देत. रूथ यांना मात्र तिच्यात आपल्या मुलीच्या कागदी बाहुलीचे त्रिमितीतले रूप दिसले. बार्बरा तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि खेळण्याचे तिचे वय सरले होते. तिला ती कपाटावर ठेवण्यापुरती आवडली. रूथ यांनी दुकानात लिलीचे निरनिराळे कपडे तेवढे वेगळे मागितले तेव्हा त्यांना कळले, की कपडे वेगळे मिळत नाहीत; दुसरा पोशाख हवा तर दुसरी बाहुलीच घ्यावी लागेल.

पुढचे सारे या एका नकारात आहे. कागदी बाहुल्यांच्या पुस्तकात आकृती एक आणि पोशाख अनेक असत. म्हणूनच एकच बाई सकाळी नोकरीवर आणि संध्याकाळी समारंभात जाऊ शकत असे. लिलीचे प्रत्येक रूप एका पोशाखात कोंडलेले होते. रूथ यांनी कागदाचा नियम प्लास्टिकला लावायचे ठरविले. बाहुली एकदाच घ्यायची, नंतर हवे ते कपडे जोडत जायचे. मुलीच्या कल्पनेला यात मोकळे रान होते आणि कंपनीच्या तिजोरीला न संपणारा ओघ. हे दोन्ही एकाच वेळी रूथ यांना दिसले असणार. त्यांनी ते कधी लपविलेही नाही.

जॅक रायन या अभियंत्यावर बाहुलीच्या बांधणीचे काम सोपविण्यात आले. उत्पादन जपानमध्ये करायचे ठरले, कारण इतके नाजूक शिवणकाम परवडेल असे तिथेच होते. शार्लट जॉन्सन यांनी कपडे रेखाटले. साडेअकरा इंच उंचीच्या बाहुलीच्या अंगरख्याला अस्तर, चेन आणि दाबाची बटणे लावण्याचे ते काम होते. चेहऱ्याबाबत रूथ यांचा एक आग्रह होता: त्यावर ठळक व्यक्तिमत्त्व नको. बाहुली फार बोलकी असली तर मुलगी तिची गोष्ट ऐकत बसेल, स्वतःची सांगणार नाही, असा तो विचार. बाहुलीला नाव मुलीचेच दिले. लिलीच्या जर्मन निर्मात्यांनी पुढे दावा ठोकला आणि १९६४मध्ये मॅटेलने लिलीचे हक्क विकत घेऊन तो विषय मिटविला. बाहुलीचे खरे श्रेय कोणाचे, यावरून रायन आणि हँडलर यांच्यातही पुढे बिनसले.

बाजारात आणण्यापूर्वी मॅटेलने अर्नेस्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञाकडून पाहणी करून घेतली. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे होता. आयांना बाहुली अजिबात रुचली नाही, मुलींना ती हवी होती. डिख्टर यांनी यावर तोडगाही सुचविला: नीटनेटके राहणे, व्यवस्थित पोशाख करणे मुलींनी या बाहुलीकडून शिकावे, असे आयांना पटवून द्यावे. कामाची, व्यवसायाची, स्वतःच्या निवडीची कल्पना घेऊन निघालेली बाहुली दुकानात पोहोचेपर्यंत टापटिपीची शिक्षिका झाली ती अशी.

९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी मांडली गेली. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख आणि किंमत ३ डॉलर. घाऊक खरेदीदार, म्हणजे पुन्हा पुरुषच, नाखूश होते. मागणी इतकी थंड होती, की रूथ यांनी जपानला कळवून उत्पादन कमी करायला सांगितले. मग दूरचित्रवाणीवर जाहिराती झळकल्या, शाळांना उन्हाळी सुट्टी लागली आणि दुकाने रिकामी होऊ लागली. पहिल्या वर्षी सुमारे ३ लाख बाहुल्या विकल्या गेल्या. जिच्यामुळे हे सारे सुचले ती बार्बरा तेव्हा १७ वर्षांची होती.

बार्बीच्या आरंभीच्या वर्षांतील पोशाखांची यादी पाहिली तर कागदी बाहुल्यांचा वारसा स्पष्ट दिसतो. १९६०मध्ये ती फॅशन डिझायनर झाली. सोबत चित्रांची वही होती. १९६१मध्ये परिचारिका, बॅले नर्तिका आणि हवाई सुंदरी. १९६३मध्ये नोकरदार तरुणीचा सूट. १९६५मध्ये अंतराळवीर. सोव्हिएत संघाची व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा दोन वर्षांपूर्वी अवकाशात जाऊन आली होती, पण अमेरिकेची पहिली महिला, सॅली राइड, अवकाशात जायला १९८३ साल उजाडले. १९७३मध्ये बार्बीने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा हिरवा झगा घातला.

याहून बोलकी गोष्ट बार्बीच्या घराची आहे. १९६२मध्ये आलेले तिचे पहिले घर पुठ्ठ्याचे होते, घडी घालून उचलून नेता येईल असे. त्यात पलंग होता, पुस्तके होती, दूरचित्रवाणी संच होता. स्वयंपाकघर नव्हते. कर्ज देताना स्त्री म्हणून किंवा विवाहित-अविवाहित म्हणून भेदभाव करू नये, असा कायदा अमेरिकेत व्हायला १९७४ साल यावे लागले. खेळातली बाई त्याच्या बारा वर्षे आधी स्वतःच्या घरात एकटी राहू लागली होती. तिला बाळ द्या, अशी मागणी मुलींकडून होऊ लागली तेव्हाही रूथ यांनी तिला आई होऊ दिले नाही. १९६३मध्ये मुले सांभाळायला जाणाऱ्या बार्बीचा संच काढण्यात आला. बाळ दुसऱ्याचे आणि सांभाळणे हे कमाईचे काम. १९६१मध्ये आलेला केन, ज्याला रूथ यांनी मुलाचे नाव दिले, तो कायम मित्रच राहिला. बार्बरा आणि केन ही भावंडांची नावे एका जोडप्याला लागली, आणि ही ओळख त्या दोघांनाही पुढे अनेकदा जड गेली.

याच सुमारास एक गमतीशीर उलटा प्रवासही घडला. व्हिटमन या प्रकाशन संस्थेने १९६२पासून बार्बी आणि केन यांच्या कागदी बाहुल्यांची पुस्तके काढली. कागदावरून प्लास्टिकमध्ये गेलेली बाई पुन्हा कागदावर आली आणि कात्री चालविणाऱ्या हातांत पोहोचली.

मात्र कागदात जे नव्हते ते प्लास्टिकमध्ये आले, हेही सांगायला हवे. कागदी आकृतीला वजन नव्हते. १९६५च्या, मैत्रिणीकडे रात्री राहायला जाण्याच्या, संचात बार्बीला वजनाचा काटा मिळाला. त्यावर ११० पौंडांचा आकडा कायमचा छापलेला होता. सोबत वजन कमी कसे करावे याचे पुस्तक होते, आणि त्यातला सल्ला खाऊच नये एवढाच होता. अंतराळवीराचा पोशाख आणि हा काटा एकाच वर्षी बाजारात आले. बार्बीची कृष्णवर्णीय मैत्रीण १९६८मध्ये आली, पण कृष्णवर्णीय बाहुलीला बार्बी हे नाव मिळायला १९८० साल लागले. आपल्याकडे मॅटेलची बाहुली १९८०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि लवकरच साडी नेसून टिकली लावू लागली. तिच्या व्यवसायाची चर्चा त्या मानाने कमीच झाली. १९९२मध्ये तर मॅटेलने एक बोलकी बार्बी काढली. तिच्या तोंडच्या वाक्यांत गणिताचा तास अवघड असल्याची तक्रारही होती. विद्यापीठीन शिक्षण घेतलेल्या अमेरिकन स्त्रियांच्या संघटनेने त्यावर हरकत घेतली आणि ते वाक्य काढून टाकण्यात आले. त्याच १९९२मध्ये बार्बी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारही झाली होती.

तोवर रूथ मॅटेलमध्ये राहिल्या नव्हत्या. १९६७मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या होत्या. अमेरिकेतील इतक्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखपदी तेव्हा स्त्री असणे ही दुर्मीळ गोष्ट होती. १९७०मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला आणि डावा स्तन काढावा लागला. त्याच वर्षी मॅटेलचा मेक्सिकोतील कारखाना आगीत भस्मसात झाला. पुढच्या वर्षी गोदी कामगारांच्या संपामुळे आशियातून येणारा माल अडकला. विक्री घसरत असताना ती फुगवून दाखविणारे हिशेब भागधारकांपुढे ठेवले गेले. चौकशीअंती १९७५मध्ये रूथ आणि इलियट या दोघांना कंपनी सोडावी लागली. १९७८मध्ये रूथ आणि काही अधिकाऱ्यांवर फसवणुकीचे आणि खोटे आर्थिक अहवाल सादर केल्याचे आरोप ठेवले गेले. रूथ यांनी आपण निर्दोष असल्याचा दावा सोडला नाही, मात्र न्यायालयात आरोपांना विरोधही केला नाही. ५७ हजार डॉलर दंड आणि पाच वर्षांत २,५०० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. आजारपणामुळे कारभारावरचे लक्ष उडाले, असे त्या पुढे सांगत राहिल्या. त्यात तथ्य असेल. पण अहवालांवर विसंबून ज्यांनी समभाग घेतले होते त्यांचे नुकसान त्याने भरून निघाले नाही.

वयाच्या साठीत, बदनामीच्या ऐन भरात, रूथ यांनी दुसरा उद्योग उभा केला. शस्त्रक्रियेनंतर बाजारात मिळणारे कृत्रिम स्तन ओबडधोबड, जड आणि डावे-उजवे असा भेद नसलेले होते. पेटन मॅसी या कारागिराकडून त्यांनी आधी स्वतःसाठी आणि मग विक्रीसाठी नैसर्गिक वाटतील असे स्तन बनवून घेतले, डावा वेगळा, उजवा वेगळा, ब्राच्या मापांनुसार. १९७६मध्ये निअर्ली मी या नावाने ते बाजारात आले. रूथ मोठ्या दुकानांत जाऊन, कपडे बदलण्याच्या खोलीत उभ्या राहून, स्त्रियांना स्वतःच्या हाताने ते बसवून देत. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेविषयी स्त्रिया घरातही मोकळेपणाने बोलत नसत, असा तो काळ होता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राहिलेल्या बेटी फोर्ड यांनाही रूथ यांनीच ते बसवून दिले. या धंद्यात मॅटेलसारखी कमाई नव्हती. १९९१मध्ये त्यांनी तो विकला.

मॅटेलच्या नव्या व्यवस्थापनाने १९९०च्या दशकात त्यांना पुन्हा सन्मानाने बोलाविले. बार्बीच्या पस्तिशीला, १९९४मध्ये, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. बार्बराच्या कागदी बाहुल्यांची हकिगत जगाला तपशिलाने कळली ती मुख्यतः त्यातूनच, त्यामुळे ती आईच्या नजरेतून आणि सुमारे ४० वर्षांनंतर सांगितलेली आहे हे ध्यानात ठेवलेले बरे. त्याच वर्षी मुलगा केन यांचे निधन झाले. २७ एप्रिल २००२ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये रूथ यांनी अखेरचा श्वास घेतला. इलियट २०११मध्ये गेले.

रूथ यांचे गृहीतक खरे होते का, याची तपासणी त्यांच्या पश्चात झाली. २०१४मध्ये अमेरिकेतील अरोरा शर्मन आणि आयलीन झरब्रिगन या दोन संशोधक स्त्रियांनी ४ ते ७ वर्षे वयाच्या ३७ मुलींना पाच मिनिटे खेळायला दिले. काहींना साध्या पोशाखातली बार्बी, काहींना डॉक्टर बार्बी, तर काहींना बटाट्याच्या आकाराची, डोळे-नाक बसविण्याची बाई. मग त्यांना दहा व्यवसाय दाखवून यांपैकी तुम्हाला काय करता येईल आणि मुलांना काय करता येईल, असे विचारले. बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःसाठी मुलांपेक्षा कमी व्यवसाय निवडले, आणि बार्बीने डॉक्टरचा झगा घातला होता की नाही, याने फरक पडला नाही. बटाट्याच्या बाईशी खेळलेल्या मुलींनी मात्र स्वतःसाठी जवळपास मुलांइतकेच व्यवसाय निवडले. पाच मिनिटांचा खेळ आणि ३७ मुली, एवढ्यावरून मोठा निवाडा देता येणार नाही. तरीही चेहऱ्यावर ठळक व्यक्तिमत्त्व नको हा रूथ यांचा आग्रह आठवला, तर बटाट्याच्या त्या बाईने तो अधिक पाळला असे म्हणावे लागते. २०२०मध्ये ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात, मॅटेलच्याच खर्चाने, झालेल्या अभ्यासात आढळले, की मूल एकटेच बाहुल्यांशी खेळत असले तरी दुसऱ्याचे मन समजून घेण्याशी संबंधित असलेला त्याच्या मेंदूचा भाग काम करीत असतो.

२०१६मध्ये मॅटेलने बार्बीला उंच, बुटका आणि भरलेला असे आणखी तीन बांधे दिले. तिच्या व्यवसायांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. २०२३मध्ये ग्रेटा गर्विग यांनी बार्बीवर काढलेल्या चित्रपटात ऱ्हिया पर्लमन या अभिनेत्रीने रूथ यांची भूमिका केली. पडद्यावरची ही वृद्धा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भांबावलेल्या बार्बीला चहा देते, आणि आपली शस्त्रक्रिया व कर चुकविल्याचे प्रकरण यांचा उल्लेख विनोदाने करते. प्रत्यक्षातले प्रकरण कराचे नव्हते, भागधारकांना दाखविलेल्या खोट्या हिशेबांचे होते.